टाकीतले सात गप्पी

ही गोष्ट खरी आहे. आमच्या गावात, उमेळ्यात, मी हे वाक्य उच्चारलं की माणसं चपला शोधायला लागतात, ते मला ठाऊक आहे. पण या खेपेला माझ्याकडे साक्षीदार आहे, आणि साक्षीदार माझी बायको आहे. अनसूयेने बेचाळीस वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला साक्ष दिलेली नव्हती. आमच्या लग्नाची तारीख मी सांगितली तरी ती समोरच्याला म्हणते, "थांबा हां, पत्रिका बघून सांगते."

तर आमच्या देवेशने, म्हणजे मुलाने, एक जुनी सतरा सीटची गाडी घेतली. शाळेच्या फेऱ्या मारून मारून तिची कंबर गेली होती. गोखिवऱ्याला जॅक्सनचा छोटा कारखाना आहे. हा जॅक्सन देवेशचा कॉलेजपासूनचा दोस्त. त्याने सहा महिने खपून आतल्या सीटा काढल्या आणि त्या गाडीचं घर केलं. चौघांना निजायला फळ्या, गॅसची शेगडी, हातभर बेसिन, उभं राहून अंघोळ करता येईल एवढी मोरी, तिच्यात शॉवर, आणि मागच्या फळीखाली एकशेदहा लिटरची पाण्याची टाकी. देवेश त्या गाडीला मोटरहोम म्हणतो. अनसूया म्हणते चालती खोली. मी घरगाडी म्हणतो.

डिसेंबरात आठ दिवस कोकणात जायचं ठरलं. दापोलीपासून मालवणपर्यंत, समुद्र उजव्या हाताला ठेवून. देवेश, सूनबाई इशिता, अनसूया आणि मी.

मला जायचंच होतं, आणि ते समुद्र बघायला नव्हे. समुद्र मी रोज बघतो, तोही आता मला ओळखून तोंड फिरवतो. मला जायचं होतं कारण उमेळ्यात माझी गिऱ्हाइकं संपली आहेत. जुन्या लोकांना माझ्या सगळ्या गोष्टी पाठ आहेत. मी बोट वर केलं की शेजारचा फर्डिनंड म्हणतो, "ही केळीच्या घडावर बसून शाळेत गेलात ती ना? पुढची लावा." आणि जिथे वाड्या होत्या तिथे आता ज्या सात सात मजल्यांच्या इमारती आल्यात, तिथली माणसं कानात काहीतरी खुपसून चालतात. कान रिकामा दिसला म्हणून एकाला मी अर्धा तास गोष्ट सांगितली, तर त्याच्या दुसऱ्या कानात क्रिकेटची मॅच चालू होती. कोकणात मात्र प्रत्येक मुक्कामाला नवी माणसं भेटणार, कोरे कान मिळणार. दापोलीच्या माणसाला काय ठाऊक मी केळीच्या घडावरून शाळेत गेलो होतो की नाही!

अनसूयेने हे ओळखलं आणि अट घातली. इशितासमोर घातली, म्हणजे मला नंतर फिरवता येऊ नये.

"हे बघा," ती म्हणाली, "गाडी निघेपर्यंत गाडीच्या बाबतीत एकही थाप मारायची नाही आणि एकही उपद्व्याप करायचा नाही. मोडलंत, तर आम्ही तिघं जाऊ. तुम्ही घरी राहायचं आणि केळीला पाणी द्यायचं."

"आणि मोडलं नाही तर?"

"तर चौथी फळी तुमची."

मी मान्य केलं. माझ्यासारख्या सरळ माणसाला अशा अटीची भीती ती काय?

पहिल्या रविवारी आम्ही गाडीची चाचणी घ्यायला अर्नाळ्याला जाऊन आलो. टाकीत मीच पाणी भरलं होतं, आमच्या विहिरीचं. आता आमच्या विहिरीबद्दल मी काही बोलत नाही, कारण बोललो तर म्हणाल, लागला सांगायला. एवढंच सांगतो की समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी असं गोड की चहात साखर घातली तर चहा रागावतो.

अर्नाळ्याला इशिताने चूळ भरली आणि बेसिनमध्ये थुंकली.

"देवेश, या पाण्याला वास येतोय रे."

देवेशने हुंगलं. "रबराचा वाटतो."

"छे, ओल्या गोणपाटाचा."

अनसूयेने ग्लास नाकाशी धरला. तिच्या नाकापुढे कुत्र्यांनी माना खाली घालाव्यात. ती म्हणाली, "सुक्या सोड्यांच्या बरणीचं झाकण उघडल्यावर येतो ना, तसा."

परत आल्यावर देवेशने जॅक्सनला फोन लावला. जॅक्सन म्हणाला, टाकी नवीकोरी आहे, पिण्याच्या पाण्याचीच आहे, वास पाण्याचाच असणार. विहीर जुनी आहे ना अंकलची?

विहीर जुनी! मी तीन दिवस नीट जेवलो नाही. बरं, दोन वेळा कमी जेवलो.

शेवटी ठरलं ते असं. मी बुधवारी टाकी रिकामी करायची, खळबळून धुवायची आणि ताज्या पाण्याने काठोकाठ भरून ठेवायची. शनिवारी देवेशला सुट्टी, जॅक्सनही येईल, तेव्हा त्या भरल्या टाकीत क्लोरीनचं औषध घालायचं. चार तास मुरवायचं, ओतून टाकायचं, वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. देवेशने हे सगळं कुठूनतरी वाचून कागदावर उतरवलं होतं आणि कागद फ्रिजवर चिकटवला होता.

बुधवारी मी कामाला लागलो. खालचा वॉल्व्ह उघडून टाकी ओतली, दोनदा धुतली, वाडीतली नळी विहिरीच्या मोटरला जोडली आणि गाडीच्या कुशीत जे झाकणाचं तोंड आहे तिथून टाकी भरली. इथपर्यंत सगळं कागदाप्रमाणे.

पण औषधाची गोष्ट माझ्या मनाला पटेना. आमच्या विहिरीला कधी कुणी औषध पाजलं? आमच्या वाडीत एक बावखल आहे. बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, केळी आणि फुलझाडं त्याच्यावरच जगतात. आठदहा वर्षांपूर्वी आरोग्य खात्याची एक मुलगी आली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे त्यात सोडून गेली. मासे डासांची अळी खातात. मी त्यातले थोडे विहिरीतही सोडले. तेव्हापासून विहिरीचं पाणी असं नितळ आहे की तळाशी पडलेलं नाणं कोणत्या सालचं ते काठावरून वाचता येतं. तर मग मला सांगा, जे विहिरीला चालतं ते टाकीला का चालू नये? टाकी म्हणजे आडवी विहीरच.

मी हिशोब केला. विहिरीला पन्नास मासे, तर टाकीला अर्धासुद्धा पुरे. पण अर्धा मासा सोडणं बरं दिसत नाही. सात घेतले. अनसूयेच्या पुरणाच्या चाळणीने बावखलातून धरले, तांब्यात घेतले, आणि नरसाळ्यातून एकेक करून गाडीच्या पोटात पाठवले. शेवटची मादी जरा पोटाने भरलेली होती, ती नरसाळ्यात अडली. मी तिला म्हटलं, "जा बाई, कोकण बघून ये." गेली.

बेत असा होता की शनिवारपर्यंत मासे पाणी निर्मळ करतील. शनिवारी मी सगळ्यांना एकेक ग्लास पाजीन, वास नाही म्हणून सगळे थक्क होतील, औषध बारगळेल, विहिरीची अब्रू राहील, आणि मासे मी हळूच परत आणीन. यात थाप कुठे आहे? उपद्व्याप कुठे आहे?

शनिवारी सकाळी आठला जॅक्सन क्लोरीनचा कॅन घेऊन हजर. गाडी केळीच्या पाटाशेजारी उभी. अनसूया ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेली. इशिता गाडीत, बेसिनच्या नळापाशी. मी म्हटलं, "औषधाआधी एक ग्लास बघा तरी."

इशिताने ग्लास भरून आणला. पाणी आरशासारखं. मी देवेशला दिला, देवेशने हुंगला आणि आईला दिला.

"सोड्यांच्या बरणीचं झाकण," अनसूया म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

देवेशने बादलीत पाणी घेतलं, त्यात मापाने अर्धी वाटी क्लोरीन ओतलं आणि काठीने ढवळायला लागला.

"डायरेक्ट टाकीत नाही टाकायचं," तो इशिताला सांगत होता, "आधी बादलीत पातळ करायचं."

मी बादलीकडे बघितलं. टाकीत सात जीव, त्यातली एक पोटुशी. सांगावं तर उपद्व्याप उघडा पडतो आणि चौथी फळी जाते. न सांगावं तर सात खून माझ्या नावावर. माणसाने अशा वेळी काय करावं? मी वेळ काढला.

"अरे, तो वास म्हणजे वास नव्हे," मी म्हटलं. "विहिरीत चाफ्याचं मूळ उतरलंय. जुनं चाफ्याचं मूळ असंच वास मारतं. आमच्या खापरपणजोबांच्या काळी किल्ल्यातला एक फिरंगी कप्तान आमच्या विहिरीचं पाणी पिंपात भरून लिस्बनला घेऊन गेला. सहा महिने जहाज समुद्रात. तिथे पिंप उघडलं तर पाणी गारच्या गार, आणि वर चाफ्याचं एक फूल उमललेलं. राणीने ते केसात..."

"एक," अनसूया शेंग सोलता सोलता म्हणाली.

"काय एक?"

"मोजतेय."

देवेशने बादली उचलली. मी पुढे झालो. "पण आज शनिवार आहे. शनिवारी पाण्यात औषध घालत नाहीत. मारुतीला चालत नाही."

"मारुतीवर शनिवारी तेल ओततात," अनसूया म्हणाली. "औषधाचं त्याने काही सांगितलेलं नाही. दोन."

आता उरला जॅक्सन. नरसाळं त्याच्या हातात होतं. मी त्याला म्हटलं, "अरे, विसरलोच. तुझ्या बायकोचा, स्टेफीचा फोन आला होता मघाशी. तुला ताबडतोब घरी बोलावलंय. घाबरलेली वाटली."

जॅक्सनने खिशात हात घालून एक फोन बाहेर काढला. काच फुटलेला.

"हा स्टेफीचा फोन, अंकल. काल पडला तिच्या हातून. काच बदलायला मीच घेऊन फिरतोय."

"तीन," अनसूया म्हणाली.

देवेश हसायला लागला, इशिता खिडकीतून हसायला लागली. जॅक्सनने नरसाळं झाकणाच्या तोंडात बसवलं. देवेशने बादली वाकवायला घेतली आणि मी त्या नरसाळ्यावर माझा पंजा ठेवला.

"थांब. टाकीत मासे आहेत. सात. बुधवारी मी सोडले."

जॅक्सन असा हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं.

"अंकल, मानलं तुम्हाला! सकाळपासून मी याचीच वाट बघत होतो. मासे! टाकीत!"

"अण्णा, ही बेस्ट होती," इशिता डोळे पुसत म्हणाली. "कप्तानापेक्षा भारी."

"आता हात काढा," देवेश म्हणाला. "हातावर पडेल, भाजेल."

"अरे, खरंच आहेत! गप्पी!"

"हो अण्णा, आणि त्यांच्यात एक शार्कपण आहे. काढा हात."

काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर मी जे जे सांगितलं त्यावर लोकांनी निदान दोन मिनिटं तरी विश्वास ठेवला. ज्या दिवशी तोंडातून खरं निघालं, त्या दिवशी घरातलं माणूसही विश्वास ठेवीना. मी हात काढला नाही. देवेश माझं मनगट धरून हळूच बाजूला करायला लागला.

"देवेश, बादली खाली ठेव," अनसूया म्हणाली.

शेंगांची परात बाजूला सारून ती उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हणालात? परत म्हणा."

"टाकीत मासे आहेत. सात. बुधवारी मी सोडले."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

अनसूया देवेशकडे वळली. "खरं आहे ते. टाकी उघडा."

"आई, तू पण?"

"अरे, बेचाळीस वर्षं ऐकतेय मी यांना. हे खोटं बोलतात तेव्हा त्यात राजा असतो, राणी असते, वास असतो, वारा असतो. इतकी वाईट गोष्ट यांनी आजवर सांगितलेली नाही. ना शेंडा ना बुडखा. खरंच असणार."

जॅक्सन अजून हसतच होता. तो हसतच गाडीत चढला, मागची फळी उचलली आणि खाली वाकला. तिथे टाकीच्या पुढे पंप आहे आणि पंपाच्या आधी एक गाळणी आहे, पारदर्शक वाटीची, म्हणजे कचरा अडला तर वरून दिसावा. जॅक्सनचं हसणं एकदम बंद झालं.

"अंकल," तो आतून म्हणाला, "हा माझ्याकडे बघतोय."

पुढचा अर्धा तास मासे काढण्यात गेला. मच्छरदाणीचा एक तुकडा खालच्या वॉल्व्हला बांधला, त्याखाली पातेलं धरलं आणि टाकी हळूहळू ओतली. पाणी पाटातून केळीला गेलं, मासे जाळीत आले. गाळणीतल्या भल्या माणसाला जॅक्सनने वाटीसकट बाहेर काढलं. इशिता पातेल्यावर वाकून मोजत होती.

"अण्णा, सात म्हणालात ना?"

"सात."

"हे एकोणीस आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शपथ घेतली. देवाची, विहिरीची, शेवटी फर्डिनंडचीसुद्धा घेतली. कुणी ऐकेना. शेवटी जॅक्सननेच बारीक नजरेने पातेल्यात बघितलं. "यातले बारा एवढुशे आहेत, तांदळाएवढे. हे मासे अंडी नाही घालत, डायरेक्ट पिल्लं देतात. माझ्या मामाकडे टाकी होती फिशची. एखादी गाभण गेली असेल आत."

"ती पोटुशी," मी म्हणालो. "नरसाळ्यात अडली होती ती."

एकोणीसच्या एकोणीस बावखलात परत गेले. मग अनसूया माझ्याकडे वळली.

"तीन थापा आणि एक उपद्व्याप. अट म्हणजे अट. तुम्ही राहायचं."

मी पातेलं विसळायला घेतलं.

"आणि आजची टाकी तुम्हीच धुवायची," ती म्हणाली. "कागदाप्रमाणे. कागदाबाहेर एक थेंब नाही."

मी कागदाप्रमाणे केलं. टाकी पुन्हा भरली, बादलीतलं औषध नरसाळ्याने आत सोडलं. पंप चालू केला आणि एकेक नळ उघडत गेलो. बेसिनचा गार, बेसिनचा गरम, शॉवरचा गार, शॉवरचा गरम. प्रत्येक नळाखाली नाक नेऊन क्लोरीनचा वास आला की बंद करायचा, म्हणजे औषध नळ्यांच्या टोकापर्यंत पोचलं असं समजायचं. गरम पाण्याच्या टाकीतही पोचलं पाहिजे, हे देवेश दर दोन मिनिटांनी सांगत होता. मग चार तास थांबायचं. दुपारी सगळे वालाची उसळ जेवले. मीही जेवलो, पण राहणाऱ्या माणसाला उसळसुद्धा जरा फिकी लागते.

तीनला टाकी ओतली आणि धुवायला घेतली. पहिल्या पाण्याला क्लोरीनचा भपका. दुसऱ्याला कमी. तिसऱ्या वेळी इशिताने ग्लास भरला, हुंगला आणि तिचं तोंड बदललं. ग्लास अनसूयेकडे गेला.

"क्लोरीन गेलं," अनसूया म्हणाली. "झाकण परत आलं."

देवेशने कपाळाला हात लावला. "संपलं. म्हणजे टाकीच खराब आहे. प्लास्टिकच फालतू असणार. कॅन्सल करतो मी ट्रिप."

"ए, माझ्या टाकीला काही बोलायचं नाही!" जॅक्सन लाल झाला. "अंकलच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या आधी. मला तर पहिल्यापासून विहिरीचाच डाऊट आहे."

"मग दुसरीकडचं पाणी भरून बघू."

"बघ ना! आणि विहिरीवर झाकण टाका एक, मच्छर तरी होणार नाहीत."

ते दोघं भांडत होते आणि मी नळी हातात धरून उभा होतो. पाणी वाहून जात होतं. आणि माझ्या मनात एक सुंदर विचार आला. ट्रिपच रद्द झाली तर मी एकटा कशाला मागे राहतो? चारही जण राहणार. वाईट कुणालाच वाटणार नाही, म्हणजे सगळ्यांनाच सारखं वाटेल. फक्त गप्प राहायचं. माझ्यासाठी जरा अवघड काम, पण जमलं असतं.

तेवढ्यात माझं लक्ष हातातल्या नळीकडे गेलं. वाडीतली हिरवी नळी. वर्षभर केळीत उन्हापावसात लोळणारी. मी तिचं टोक नाकाशी नेलं.

सोड्यांच्या बरणीचं झाकण!

दिवाळीनंतर मी केळीला मासळीचं खत दिलं होतं. आमच्याकडे सगळेच देतात. सुकी मासळी पिंपात भिजवून ठेवायची, आंबली की ते पाणी केळीच्या बुंध्याशी सोडायचं. आणि मी ते याच नळीने सोडलं होतं. त्यानंतर याच नळीने अर्नाळ्याच्या आधी टाकी भरली. बुधवारी भरली. आज सकाळी भरली, आणि आता तिसऱ्यांदा धूत होतो. औषध टाकीला पाजत होतो आणि घाण नळीतून परत आत घालत होतो.

आता सांगितलं तर आणखी एक उपद्व्याप माझ्या नावावर, आणि ट्रिप होणार, म्हणजे तिघं जाणार. नाही सांगितलं तर जॅक्सन आयुष्यभर माझ्या विहिरीवर झाकण टाका म्हणणार. मी विहिरीकडे बघितलं. ती बिचारी काही बोलत नव्हती. बोलण्याचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे.

"वास नळीचा आहे," मी म्हणालो. "याच नळीने मी केळीला मासळीचं खत दिलं होतं. टाकी चांगली आहे, विहीरही चांगली आहे."

देवेशने नळी हातात घेऊन हुंगली आणि दूर फेकली. जॅक्सनने हुंगलं नाही, नुसतं माझ्याकडे बघून हात जोडले. अनसूया ओट्यावरून म्हणाली, "किती वाक्यं झाली, इशिता?"

"तीन, आई."

"राजा?"

"नाही."

"राणी?"

"नाही आई. फक्त केळी होत्या."

अनसूया उठून आत गेली. जाताना म्हणाली, "एका दिवसात दोनदा. तब्येत बघायला पाहिजे यांची."

रविवारी जॅक्सनने गोखिवऱ्याहून पिण्याच्या पाण्याची वेगळी पांढरी नळी आणली, दोन्ही टोकांना झाकणं असलेली, आणि बजावलं की ती गाडीतच राहील, वाडीत पाऊल ठेवणार नाही. मी सगळं पहिल्यापासून केलं. अर्धी वाटी, बादली, नरसाळं, चार नळ, चार तास, तीन वेळा धुणं. मग अनसूयेने ग्लास भरून माझ्या हातात दिला.

"आधी तुम्ही प्या."

मी प्यायलो. मग तिने स्वतः घेतला, हुंगला, सबंध पिऊन टाकला आणि उपडा केला.

"येताय ना?" ती म्हणाली. "पण आता अट नवी. टाकी तुमच्याकडे. भरणं, ओतणं, गाळणी धुणं, सगळं तुम्ही. आणि गोष्टी सांगा कुणालाही, पण मी शेजारी असेन, आणि आकडे मी सांगणार."

"आकडे?"

"तुम्ही काय हवं ते सांगा. किती, ते मी सांगणार."

कठीण अट होती. पण चौथी फळी होती.

मालवणच्या अलीकडे एका माडाच्या वाडीत आम्ही गाडी लावली होती. संध्याकाळी कोल्हापूरची काही मंडळी शेजारी चहा घेत बसली. कोरे कान! मी त्यांना ही सबंध गोष्ट सांगितली. बुधवार, नरसाळं, पोटुशी मादी, बादली, सगळं. ते हसले आणि त्यातला एक म्हणाला, "काका, गोष्ट झकास आहे, पण टाकीत मासे काही पटत नाही बुवा."

"पटत नाही? एकतीस मासे निघाले!"

"एकोणीस," अनसूया म्हणाली. "पण निघाले. खरं आहे ते. मी होते तिथे."

बेचाळीस वर्षांतली पहिली साक्ष. कोल्हापूरकर आता सरसावून बसला होता.

"आणि तो गाळणीतला मासा खरंच त्या मेकॅनिककडे बघत होता?"

"बघत होता," अनसूया म्हणाली.

"नुसता बघत होता?" मी म्हटलं. "अहो, त्याने जॅक्सनला डोळा मारला!"

सगळे अनसूयेकडे बघायला लागले. तिने चहाचा कप खाली ठेवला, पदर सारखा केला, माझ्याकडे एकदा बघितलं.

"मी चष्मा लावला नव्हता," ती म्हणाली.